पावसाळ्यात काचेच्या बाटल्यांना पुठ्ठ्याचे खोके पुरतील का? (सत्तरी, गोवा)

नमस्कार मंडळी,

वाळपईजवळ आमचा बायकांचा स्वयंसहाय्य गट आहे. कोकमाचं आगळ आणि सरबत आम्ही काचेच्या बाटल्यांत भरतो. माल चोर्ला घाटातून बेळगाव आणि तिथून पुण्याला जातो. उन्हाळ्यात काही त्रास नव्हता. पाऊस लागला तसे ट्रकमधले खालच्या थराचे खोके चेपायला लागले आणि बाटल्या फुटल्या. गटातल्या काहीजणी म्हणतात, पुठ्ठा सोडा, प्लास्टिकचे क्रेट घेऊ.

मला पुठ्ठा सोडवत नाही. रिकामे क्रेट पुण्याहून परत आणायचं भाडं आम्हालाच पडणार. खोका तिथेच रद्दीवाल्याकडे जातो आणि त्याचा पुन्हा कागद होतो. आमच्याकडे येतो तो घडी घालून, म्हणून छोट्या खोलीत ढीगभर मावतात. वजनाला हलका, वर गटाचं नावही छापता येतं. शिवाय न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी १८७१ साली नालीदार कागदाचं, म्हणजे या पुठ्ठ्याच्या आत असतो तशा लाटालाटांच्या कागदाचं, पेटंट घेतलं, तेच मुळी बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी. मग आमच्या बाटल्यांना तो का चालू नये?

सध्याचा खोका तीन प्लायचा, म्हणजे कागदाच्या तीन पदरांचा आहे. त्यात १२ बाटल्या बसतात, भरल्यावर वजन साधारण १४ किलो. विक्रेता सात प्लाय घ्या म्हणतो, पण तो दर आम्हाला झेपणारा नाही. पाच प्लाय पुरेल का? आणि या दमट हवेचं काय करायचं?

प्रतिसाद १

ताई, मी कुंडईला खोक्यांच्या कारखान्यात आहे. १४ किलोला पाच प्लाय पुरतो, सात प्लाय लागत नाही. पण आधी नाल्यांची, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या लाटांची, दिशा बघा. खोका उभा ठेवल्यावर नाल्या उभ्याच हव्यात, कारण वरचा भार त्याच पेलतात. आडव्या असतील तर खोका लगेच बसतो.

दुसरं म्हणजे ओल. हवा फार दमट असली की कोरड्या हवेच्या मानाने खोक्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, बाहेरून तो भिजलेला दिसला नाही तरी. म्हणून खोके जमिनीवर ठेवू नका, फळ्यांवर ठेवा आणि भिंतीपासून थोडे लांब. बाटल्या पुसून पूर्ण कोरड्या झाल्यावरच भरा. ट्रकमध्ये कोपऱ्यावर कोपरा येईल असे रचायला सांगा. विटांसारखे सांधे मोडून रचले की थर पक्का दिसतो, पण भार कोपऱ्यांवरून सुटतो आणि मधला पुठ्ठा दबतो.

मोठी ऑर्डर देण्याआधी नमुन्याची दाब-चाचणी करून घ्या. मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमध्ये ती होते.

प्रतिसाद २

आत पुठ्ठ्याचे खण आहेत का? ते बाटलीच्या बुचापर्यंत उंच हवेत. खण बुटके असले की सगळा भार बाहेरच्या भिंतींवर येतो आणि घाटातल्या वळणांवर बाटल्या एकमेकींवर आपटतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आताच एक खोका कापून पाहिला, नाल्या आडव्याच आहेत! खण तर अर्ध्या उंचीचेच आहेत. पाच प्लायचे नमुने मागवते. जुने खोके बरेच शिल्लक आहेत, त्यांतून नवे खण कापले तर चालतील का?

प्रतिसाद १

चालतील. कापताना नाल्या उभ्या येतील एवढं बघा, आणि ओल लागलेला पुठ्ठा घेऊ नका.