मदत हवी आहे: बाबांची न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट कुठे करावी?

नमस्कार मंडळी, आम्ही देवगडकडचे. बाबा ७४ वर्षांचे, आंब्याचा सगळा व्यवहार तोंडपाठ असलेला माणूस, पण यंदा पेट्यांचा हिशोब मधेच सुटायला लागला आणि "दलालाचा फोन इलो काय" हे तासाभरात चारदा विचारतात. एमआरआयमध्ये खास काही नाही. डॉक्टरांनी मोका टेस्ट (स्मरणशक्ती-विचारशक्तीची छोटी प्राथमिक चाचणी) घेतली, ३० पैकी २६ च्या खाली आले, म्हणून आता सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल इव्हॅल्युएशन करा म्हणतायत, त्यात स्मरणशक्ती, लक्ष, भाषा, नियोजन असं वेगवेगळं तपासतात आणि डिप्रेशनमुळे विसरतायत की डिमेन्शियाची सुरुवात आहे याचा अंदाज येतो म्हणे.

माझी शंका वेगळीच आहे. बाबा सातवी शिकलेले, घरात मालवणीच बोलतात, मग शहरी ग्रॅज्युएट माणसाच्या मापाने मोजलं तर मार्क कमीच येणार ना? शिक्षण आणि भाषा धरून नीट मराठीत टेस्ट घेणारं कोणी माहितीय का? गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जावं की सरळ मुंबईला केईएम गाठावं?

आणि भाचा आठवीत आहे, तोंडी सगळं येतं पण लिहिताना बोंब, त्याची लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी त्याच फेरीत होईल का, की तो विभागच वेगळा असतो? खर्च किती, दिवस किती मोडतात, तेही सांगा प्लीज.