मदत हवी आहे: ट्रकच्या एकाच बॅटरीवरून इन्व्हर्टर जोडलाय, काय काय बदलायला हवं?

नमस्कार मंडळी,

माझा थोरला भाऊ बारा चाकी चालवतो. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून नागपूर, रायपूर, संबळपूर करत कोलकात्याला. गाडी खाली व्हायला वेळ लागला की दादाचा आणि क्लीनरचा मुक्काम केबिनमध्येच, स्वयंपाक छोट्या गॅसच्या शेगडीवर. पाऊस असला की काचा लावून शेगडी पेटवतात, त्याची मला फार धास्ती वाटते. म्हणून विजेवर शिजवा असा मीच आग्रह धरला.

एका इलेक्ट्रिशियनने १००० वॅटचा, १२ व्होल्टचा इन्व्हर्टर बसवून दिला. गाडी २४ व्होल्टची, म्हणजे १२-१२च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. त्याने त्यातल्या एकाच बॅटरीवरून वायरी ओढल्यात. फ्यूज कुठेच नाही. इन्व्हर्टर बर्थखाली, गोधड्यांना टेकून. काल गाडी घरी होती तेव्हा ४०० वॅटचा राइस कुकर लावून बघितला. थोड्याच वेळात वायर हाताला चांगली गरम लागली, आणि टर्मिनलपाशी तिचं प्लास्टिक मऊ पडून आतली तार दिसायला लागली आहे.

आणखी एक कोडं. दोन्ही बॅटऱ्या एकदमच घेतल्या, पण जिला इन्व्हर्टर जोडलेला नाही तिचंच पाणी सारखं उतरतं. सकाळी सेल्फही जड जातो.

दादाला आता १२०० वॅटची इंडक्शन घ्यायची आहे. घेऊ द्यावी का? पंखा आणि दोन मोबाइलही यावरच चालतात. कृपया नीट सांगा, गाडी लवकरच पुन्हा निघेल.

प्रतिसाद (वायरमनकाका)

ताई, आधी मेन स्विच बंद करून ती वायर काढून टाका. फ्यूज नसलेली वायर बॉडीला घासली की सरळ आग लागते.

पाण्याचं कोडं असं: डायनामो दोन्ही बॅटऱ्यांना मिळून साधारण २८ व्होल्ट देतो. इन्व्हर्टरवाली सतत उपाशी राहते, तिच्या वाट्याचा जादा व्होल्टेज दुसरीवर पडतो, ती उकळते आणि पाणी उडतं. असं चाललं तर दोन्ही जातील. त्यामुळे २४ व्होल्टचाच इन्व्हर्टर घ्या आणि दोन्हीवरून जोडा. करंटही निम्मा होतो: ४०० वॅटला १२ व्होल्टवर चाळीसच्या आसपास अँपिअर लागतात, २४ वर वीसच्या आसपास.

१००० वॅटला तांब्याची १६ स्क्वेअर एमएम केबल, होईल तितकी आखूड. पॉझिटिव्हला बॅटरीपासून फूटभराच्या आत ६० अँपिअरचा फ्यूज. लग, म्हणजे केबलच्या टोकाचं धातूचं टर्मिनल, प्रेस करूनच बसवा, तार पिळून टेप मारू देऊ नका. पत्र्यातून केबल जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. इन्व्हर्टर बॅटरीच्या पेटीत नको, कारण चार्जिंगला हायड्रोजन सुटतो. बर्थखालीही नको. हवा लागेल अशा जागी स्क्रूने बसवा, इन्व्हर्टरच्या बॉडीचं अर्थिंग चॅसीला द्या. कुकरची तिसरी पिन तोडू नका.

इंडक्शन नको. १२०० वॅट या इन्व्हर्टरला झेपत नाही, आणि मोठा घेतला तरी सत्तावन्न-साठ अँपिअर ओढेल. राइस कुकर अर्धा तास चालला तर दहाएक अँपिअर-अवर जातात, तेवढं परवडतं. तेही गाडी उभी असतानाच. चालत्या गाडीत उकळता कुकर ठेवू नका. पंखा २४ व्होल्टचा मिळतो, मोबाइलला २४ व्होल्टवर चालणारा यूएसबी चार्जर. या दोघांना इन्व्हर्टर लागतच नाही.

इन्व्हर्टर कमी व्होल्टेजला आपोआप बंद होतो, पण तोवर सेल्फपुरतंही काही उरत नाही. छोटा व्होल्टमीटर लावा. इंजिन बंद, लोड नाही आणि २४.४ दिसलं, तर अर्धी बॅटरी गेली असं समजा.

पुन्हा मी

काका, मनापासून आभार. वायर काढली, दादाला वाचून दाखवलं, इंडक्शनचा विचार त्याने सोडला. आता बॅटऱ्यांचं काय करू, दोन्ही बदलू का?

प्रतिसाद (वायरमनकाका)

लगेच नको. उकळलेलीत आधी डिस्टिल्ड पाणी भरा, फक्त प्लेटा बुडतील इतकं. मग दोन्ही सोडवून १२ व्होल्टच्या चार्जरवर वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा, नंतर पातळीपर्यंत पाणी घाला आणि हायड्रोमीटर (ॲसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायची नळी) लावा. सगळ्या सेलला १.२५ च्या वर ग्रॅव्हिटी आली तर चालतील. एकीची खालीच राहिली तर मात्र जोडीच बदला, जुनी-नवी एकत्र लावू नका.

पुन्हा मी

उद्याच करून घेते. नाशिकमध्ये जाड केबलला हायड्रॉलिक प्रेसने लग बसवून देणारं कुणी माहीत असेल तर कृपया इथे कळवा.