कॉमन लिस्प: मॅक्रो नक्की उलगडतो कधी? १६ ऐवजी २० येतायत

अर्धाकंस:
मंडळी, लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेत फंक्शन्स जमली पण मॅक्रोपाशी, म्हणजे कोड बनवणाऱ्या कोडपाशी, गाडी अडलीये. मॅक्रो एवढाच आहे:

(डेफमॅक्रो वर्ग (क) `(* ,क ,क))

(वर्ग ५) दिलं की २५, बरोबर. पण न ३ असताना (वर्ग (इन्कएफ न)) केलं (इन्कएफ न ला एकने वाढवतं) तर १६ यायला हवेत ना, येतायत २०! आणि मॅक्रोत मॅक्रो असेल तर आधी आतला उलगडतो का बाहेरचा?

रानवारा:
मॅक्रोला किंमत मिळतच नाही हो, कोड मिळतो. क मध्ये ४ नसतात, (इन्कएफ न) ही अख्खी लिस्ट जशीच्या तशी असते, मॅक्रो तिच्यावरून (* (इन्कएफ न) (इन्कएफ न)) अशी नवी लिस्ट बनवून देतो आणि त्याचं काम तिथे संपतं, मग ती लिस्ट रन होताना न दोनदा वाढतो, ४ गुणिले ५. मॅक्रो काय बनवतो ते असं टाकून बघा, आधीचा कोट (') महत्त्वाचा, त्याने कोड रन न होता तसाच पुढे जातो:

(मॅक्रोएक्स्पँड-१ '(वर्ग (इन्कएफ न)))

उपाय म्हणजे किंमत एकदाच काढून ठेवायची (लेट किंमतीला तात्पुरतं नाव देतं, जेनसिम कुठल्याच नावाशी न जुळणारं नवं नाव बनवतं):

(डेफमॅक्रो वर्ग (क)
  (लेट ((त (जेनसिम)))
    `(लेट ((,त ,क)) (* ,त ,त))))

क्रम म्हणाल तर बाहेरचा आधी. त्यातून आलेला फॉर्म परत मॅक्रोचाच कॉल असेल तर तोही उलगडतो, असं करत सुरुवातीला मॅक्रो उरला नाही की मगच आतल्या भागांची पाळी. उलटं करून चालणारच नाही, कारण आतल्या कोडचं काय करायचं, ठेवायचा, फिरवायचा का टाकून द्यायचा, हे बाहेरचा मॅक्रो ठरवतो.

बाकी वर्गासाठी साधं फंक्शनच करा खरं तर, मॅक्रो मॅपकारला (लिस्टच्या प्रत्येक घटकाला फंक्शन लावणारं) देताही येत नाही.

सांजसावली:
जेनसिमबद्दल थोडं. वरच्या मॅक्रोत नुसतं त लिहिलं असतं तरी चाललं असतं, कारण लेट आधी क ची किंमत काढतं आणि मग त बांधतं. गडबड होते ती वापरणाऱ्याचा कोड लेटच्या पोटात गेला की. समजा अदलाबदलीचा मॅक्रो (अदल अ ब) असा उलगडतोय (सेटएफ म्हणजे नवी किंमत देणं):

(लेट ((त अ)) (सेटएफ अ ब) (सेटएफ ब त))

आता कोणी (अदल त ब) म्हटलं तर आतला त बाहेरच्या त ला झाकतो, एरर येत नाही, अदलाबदलही होत नाही, असा बग शोधता शोधता जीव जातो. स्कीम या लिस्पच्या भावंडात मॅक्रो लिहायचं सिंटॅक्स-रूल्स हे आपोआप सांभाळतं, क्लोजर या दुसऱ्या भावंडात बॅककोटच्या (`) आत त# लिहिलं की झालं.

अर्धाकंस:
आत्ता कळलं, खूप आभार! पण (+ १ (वर्ग ५)) ला मॅक्रोएक्स्पँड लावलं तर आतला वर्ग तसाच राहतोय?

रानवारा:
राहणारच, ते फक्त वरचा फॉर्म बघतं आणि प्लस मॅक्रो नाही. स्लाईममध्ये (ईमॅक्स एडिटरमधलं लिस्पचं साधन) मॅक्रोएक्स्पँड-ऑल आहे, ते आतपर्यंत जातं.