‘सेट’ : तुमच्या वाट्याला कोणता अर्थ आला?

‘सेट’ हा शब्द इंग्रजीत तीन अक्षरांचा आहे आणि मराठीत लिहिला तर दोनच अक्षरांचा होतो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र सर्वांत लांबलचक नोंद याच क्रियापदाची होती : चारशे तीसहून अधिक अर्थ आणि सुमारे साठ हजार शब्दांचे विवेचन. पुढे त्या कोशाचे पुनर्लेखन सुरू झाल्यावर ‘मेक’, ‘पुट’ आणि ‘रन’ यांनी एकामागोमाग एक त्याला मागे टाकले, तरी सामान्य माणसाला अडवण्यात ‘सेट’चा हात धरणारा दुसरा शब्द मला माहीत नाही. तुमच्या कामात, खेळात, घरात हा शब्द कोणत्या अर्थाने आला, त्याने कुठे फसवले आणि त्या जागी मराठीत तुम्ही काय म्हणता, ते सविस्तर लिहावे. कोशात पाहून काढलेले अर्थ नकोत, स्वतः अनुभवलेलेच हवेत.

अनुवादक

मी अनुवादासाठी घेतलेल्या पहिल्याच कादंबरीत एका परिच्छेदात हा शब्द चार वेळा आला होता. सूर्य ‘सेट’ झाला होता, जेवणाचे टेबल ‘सेट’ झाले होते, वडील आपल्या सवयींत ‘सेट’ होते आणि त्यांचे बोलणे ऐकून मुलीने आपला जबडा ‘सेट’ केला होता. सूर्य मी मावळवला, टेबलावर ताटे मांडली, वडिलांना आपला हेका न सोडणारे केले. पण जबड्यापाशी येईपर्यंत थकलो होतो, म्हणून ‘तिने जबडा बसवला’ असे लिहून मोकळा झालो. संपादकांनी समासात एवढेच विचारले : “निखळला कधी होता?” तिने दात आवळले होते, वडिलांचे न ऐकण्याचा निश्चय केला होता, हे मला दुसऱ्या दिवशी उमगले.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. ‘सेट’ दिसला की आधी त्याच्याकडे पाहायचेच नाही. त्याचे कर्म काय आहे ते पाहायचे. आग असेल तर लावायची, सापळा असेल तर रचायचा, तारीख ठरवायची, उदाहरण घालून द्यायचे, हिरा कोंदणात जडवायचा, प्रश्नपत्रिका काढायची, विक्रम नोंदवायचा आणि कैदी असेल तर त्याला सोडून द्यायचे. ही सगळी क्रियापदे आपल्याकडे आधीपासून आहेत आणि त्यांपैकी एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. इंग्रजीने एकाच नोकराकडून सगळी कामे करून घेतली, आपण प्रत्येक कामाला वेगळा माणूस ठेवला. कोणती व्यवस्था चांगली, यावर वाद घालण्यात अर्थ नाही; पण अनुवादकाचे पोट मात्र दुसऱ्या व्यवस्थेमुळे भरते.

परिचारिका

रुग्णालयात ‘सेट’ म्हणजे बहुतेक वेळा वस्तू. टाके घालायचा सेट, ड्रेसिंगचा सेट आणि सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा सलाईनचा सेट, म्हणजे बाटलीपासून शिरेपर्यंत जाणारी नळी. मी नवीन असताना रात्रपाळीत वरिष्ठ सिस्टर जाता जाता म्हणाल्या, “सातनंबरचा सेट बदला.” मला वाटले, थेंबांचा ठरवून दिलेला वेग बदलायचा आहे. मी नोंदवही उघडून किती करायचा ते शोधत बसले आणि तसे काहीच लिहिलेले नसल्यामुळे, सुदैवाने, विचारायला गेले. त्यांना नळी बदलायची होती. नळीचा प्रकार आणि वेग यांचाही संबंध असतोच, कारण मायक्रो सेटमध्ये साठ थेंबांचा एक मिलिलीटर होतो, तर मॅक्रो सेटमध्ये बहुधा वीस किंवा पंधरा थेंबांचा. त्यामुळे माझा गोंधळ अगदीच वेडगळ नव्हता, असे मी अजूनही म्हणते. त्या रात्रीपासून मी ‘नळी’ आणि ‘वेग’ हेच शब्द वापरते.

भाषाशिक्षिका

अनुवादकांनी ‘जबडा बसवला’ ही चूक मानली आणि त्या वाक्यापुरती ती चूकच आहे. पण शब्दाच्या मुळाशी त्यांचा हात अजाणता पोहोचला होता. जुन्या इंग्रजीत ‘सित्तन’ म्हणजे बसणे आणि ‘सेत्तन’ हे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. आपल्या बसणे-बसवणे या जोडीसारखीच ही जोडी आहे. म्हणून मी वर्गात ‘सेट’ शिकवताना अर्थांची यादी देत नाही. ‘बसणे’ आणि ‘बसवणे’ मराठीत कुठे कुठे येतात ते मुलांकडूनच काढून घेते. हाड बसवतात, नाटक बसवतात, चाल बसवतात, कर बसवतात. घडी बसते, जम बसतो, गाळ बसतो. हे सगळे अर्थ विनातक्रार वापरणाऱ्या मुलांना ‘सेट’चे अर्थ अनेक आहेत म्हणून रडण्याचा अधिकार नाही, असे मी त्यांना सांगते आणि ती हसतात. हाड, चाल आणि घट्ट होणारा द्रव या तिन्ही ठिकाणी इंग्रजीतही ‘सेट’च येतो, हे त्यांना मग स्वतःच सापडते.

गणिताचे शिक्षक

वरील विवेचन क्रियापदापुरते मान्य आहे. परंतु ‘समूह’ या अर्थाचे जे नाम आहे, त्याचे एक मूळ निराळे आहे. ते लॅटिन ‘सेक्ता’पासून जुन्या फ्रेंचमार्गे आले, पंथ किंवा अनुयायांचा गट असा त्याचा अर्थ होता आणि पुढे क्रियापदाच्या सहवासाने दोन्ही एकमेकांत मिसळून गेली. म्हणजे कोशात एकाच आडनावाची दोन घराणी राहतात.

माझा संबंध दुसऱ्या घराण्याशी येतो. गेओर्ग कॅंटर यांनी १८७४ मधल्या निबंधापासून ज्या सिद्धान्ताचा पाया घातला, त्यातला ‘सेट’ म्हणजे आपला संच. संचात घटकांचा क्रम महत्त्वाचा नसतो आणि एकच घटक दोनदा लिहिला तरी तो एकदाच मोजला जातो. हे सांगून झाल्यावर एका मुलीने विचारले, “सर, मग सहा एकसारख्या कपांच्या सेटमध्ये एकच कप धरायचा का?” वर्ग हसला, पण मला तो प्रश्न फार आवडला. कप एकसारखे असले तरी एकच नसतात. सहाही वेगळे घटक आहेत, कारण एक फुटला तर पाच उरतात. सारखेपणा आणि एकपणा यांतला फरक मी इतकी वर्षे शिकवत होतो, पण इतके सोपे उदाहरण मला सुचले नव्हते.

धावपटू

मी शाळेपासून चारशे मीटर धावत असे. चारशे मीटरपर्यंतच्या शर्यतींत आधी ‘ऑन युअर मार्क्स’ म्हणतात, मग ‘सेट’ आणि मग बंदूक वाजते. ‘सेट’ कानांवर पडला की कंबर वर उचलायची आणि पुतळ्यासारखे स्थिर व्हायचे. ज्या शब्दाने इतरत्र गोष्टी सुरू होतात, त्या शब्दावर आम्ही श्वासही रोखून धरतो. त्या क्षणाची मला इतकी सवय झाली होती की माझ्या दृष्टीने शर्यत बंदुकीने नव्हे, ‘सेट’ने सुरू होत असे.

एका वर्षी प्रशिक्षकांनी मला आठशे मीटरला उभे केले. आठशे आणि त्यापुढच्या अंतरांना उभ्याने सुरुवात करतात आणि तिथे ‘सेट’ म्हणतच नाहीत, हे त्यांनी सांगितले असेल, पण माझ्या डोक्यात ते उतरले नव्हते. ‘ऑन युअर मार्क्स’ झाले, मी रेषेवर गेलो आणि ‘सेट’ची वाट पाहत राहिलो. बंदूक वाजली तेव्हा मला वाटले कोणाची तरी चूक झाली आहे. चूक माझीच होती आणि बाकीचे सात जण चार पावले पुढे गेले होते. ती शर्यत मी शेवटून दुसरा संपवली. न उच्चारलेल्या शब्दामुळे हरलेला माझ्याखेरीज आणखी कोणी इथे आहे का, हे जाणून घ्यायला आवडेल.

व्हॉलीबॉलपटू

आमच्या खेळात पंचवीस गुणांचा सेट असतो आणि त्या सेटमध्ये सेटर सहकाऱ्याला सेट देतो. नवख्या प्रेक्षकाला हे वाक्य एकदा सांगून पाहावे.

बांधकाम अभियंता

काँक्रीट ‘सेट’ होणे आणि काँक्रीट ‘कडक’ होणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, हे महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकवतात. सिमेंटची लगदेपणाची अवस्था संपून त्याला आकार धरता येऊ लागला की ते सेट झाले. ते मोजायला व्हिकॅटची सुई वापरतात आणि ही क्रिया फार लवकर होऊ नये म्हणून सिमेंटमध्ये मुद्दाम जिप्सम घातलेले असते. ताकद मात्र पुढे दिवसेंदिवस वाढत जाते आणि हिशेबाला साधारणपणे अठ्ठावीस दिवसांची धरतात. माझ्या पहिल्याच कामावर मी सकाळी स्लॅबवरून चालून पाहिले आणि खाली येऊन समाधानाने म्हणालो, “सेट झालाय.” दुपारी आलो तर दोन कामगार टेकू काढण्याच्या तयारीत उभे होते. त्यांच्या लेखी सेट झाला म्हणजे काम झाले. मिस्त्रींनी त्यांना वेळीच थांबवले आणि नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, ‘आवळला’ म्हणा. ‘सेट’ म्हटलं की लोकांना वाटतं, संपलं.” सेट होणे म्हणजे वाळणे असाही एक समज आहे. तो खोटा आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, म्हणून तर सेट झाल्यावरही आपण त्याला दिवसचे दिवस पाणी पाजतो.

फळबागवाले

आमच्याकडे ‘सेटिंग’ म्हणजे फुलाचे फळ होणे. फुले कितीही लगडली तरी मधमाशा फिरल्या नाहीत किंवा हवामान फिरले, तर सेटिंग होत नाही. जुनी माणसे ‘झाडाने फळ धरले’ असे म्हणतात. मला तोच शब्द अधिक आवडतो, कारण त्यात श्रेय झाडाला जाते.

रंगमंचामागची कार्यकर्ती

नेपथ्याला आम्ही सर्रास सेटच म्हणतो. नेपथ्य हा शब्द फक्त श्रेयनामावलीत लिहिण्यासाठी उरला आहे. सेट लावतात आणि सेट उतरवतात. इंग्रजीत उतरवण्याला ‘स्ट्राइक’ म्हणतात, हे आमच्या गटातल्या एका नव्या मुलाला ठाऊक नव्हते. प्रयोग संपल्यावर पाहुण्या तंत्रज्ञांनी ‘स्ट्राइक द सेट’ अशी हाक दिली, तेव्हा त्याने अतिशय नम्रपणे विचारले, “कशाने?” भाषाशिक्षिकांच्या म्हणण्यात मला एक भर घालायची आहे : नाटक बसवतात, पण सेट बसवत नाहीत, लावतात. जे टिकायचे ते बसवायचे आणि जे रात्री ट्रकमध्ये भरायचे ते लावायचे, असा भेद आमच्याही नकळत आमच्या तोंडी रुळला आहे.

जुळाऱ्याची मुलगी

वडील छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे सुटे ठसे, जुळवत. इंग्रजीत त्याला ‘टाइप सेट’ करणे म्हणतात, हे मला पुढे कळले. हातातल्या स्टिकमध्ये एकेक खिळा उलटा लावत ओळ पुरी करायची आणि शब्दांमध्ये बारीक पट्ट्या घालून ती गच्च करायची. ओळ किंचित सैल राहिली तर मजकूर उचलताना खिळे गळून पडतात. वडील ओळीवरून बोट फिरवून ‘बसली’ किंवा ‘नाही बसली’ एवढेच म्हणत. छपाई झाली की तेच खिळे धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे, कारण दुसऱ्या दिवशी दुसरा मजकूर असे.

नातू

आजीला दंतवैद्य म्हणाले, “पुढच्या आठवड्यात तुमचा सेट तयार होईल.” घरी आल्यावर तिने जुना टीव्ही हलवून जागा करायला सांगितली. कवळी म्हणाले असते तर एवढे फर्निचर सरकवावे लागले नसते.

कार्यालयीन कर्मचारी

काही अर्थ आपण इंग्रजीला परत दिले पाहिजेत. एका निविदेच्या निकालाबद्दल मी परदेशी सहकाऱ्याला इंग्रजीत म्हणालो की आत नक्कीच ‘सेटिंग’ होती. त्याने गंभीरपणे विचारले, “कोणत्या यंत्राची?” संगनमताचा हा अर्थ आपला घरचा आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. ‘मुलगा आता सेट झाला’ या वाक्याचेही तसेच. तिथे इंग्रजीत ‘सेटल’ लागतो.

रात्रपाळीचा पहारेकरी

या शब्दाचा भूतकाळही ‘सेट’च असतो, याकडे अजून कोणी लक्ष वेधलेले नाही. आमच्या गोदामात पाळी बदलताना वहीत इंग्रजीतून नोंद करण्याची पद्धत होती. एका संध्याकाळी आधीच्या पाळीच्या दादांनी लिहिले, ‘सेट अलार्म’. मी ते वाचले आणि त्यांनी अलार्म लावला आहे, असे समजलो. त्यांनी ते माझ्यासाठी लिहिले होते, की तू लाव. रात्रभर अलार्म बंद होता. काही घडले नाही, पण सकाळी पर्यवेक्षकांपुढे आम्ही दोघे तीच ओळ बोटाने दाखवून आपापली बाजू मांडत होतो आणि व्याकरणाने दोघेही बरोबर होतो. आता त्या वहीत आम्ही मराठीत लिहितो : ‘लावला’ किंवा ‘लाव’.