अमेरिकेची यादी फुकट मिळते, मग आपलं रडार कशाला?

दुर्बीणवाला: काल कोणीतरी ठोकून दिलं की नोराडची यादी, म्हणजे अमेरिकी लष्कर ठेवतं ती पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांची आणि तुकड्यांची नोंद, फुकट डाउनलोड होते, इस्रोने 'नेत्र'वर, म्हणजे या वस्तूंवर नजर ठेवणाऱ्या स्वतःच्या रडार-दुर्बिणींच्या प्रकल्पावर, पैसे उधळू नयेत. डोकंच सणकलं. फुकट मिळते ती टीएलई, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या कक्षेचे दोन ओळींतले आकडे, तिच्यात मुळातच किलोमीटरभर इकडेतिकडे, शिळी झाली की अजून बिघडते, आणि १० सेंमीपेक्षा बारीक तुकडे बहुतेक यादीतच नाहीत. २००९ ला इरिडियम ३३ आणि कॉसमॉस २२५१ हे उपग्रह एकमेकांवर धडकले, दोघंही यादीत होते! सार्वजनिक आकड्यांवरून हिशोब निघाला होता की अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतरावरून जातील.

झाडीपट्टी_एक्सप्रेस: आपलं रडार असतं तं काय दिवे लावले असते राजेहो? २०२२ चा पाडवा, मी सासुरवाडीला, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ. पुरणपोळी खाऊन अंगणात बसलो तं आभाळात जळत्या रेघा! सासरे म्हणे विमान पेटलं. तिकडे लाडबोरी गावात ३ मीटरचं धातूचं कडं पडलं. होतं का यादीत? सांगितलं का कोणी?

दुर्बीणवाला: होतं की. चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा वरचा टप्पा, फेब्रुवारी २०२१ पासून घिरट्या घालत होता. पण सूर्य तापला की वरची हवा फुगते, ओढ बदलते, पडायची वेळ सरकते. वेग सेकंदाला साडेसात किमी, १० मिनिटं चुकली की ४५०० किमी गेले.

झाडीपट्टी_एक्सप्रेस: म्हंजे रडार घेऊनही सांगता येत नाही. मी वेगळं काय म्हणलं?

चीनचा_माल: फेका कुठेही, आपल्याच डोक्यावर! बंदी घाला सगळ्यावर.

पेठेतला: जरा दमानं. २००१ मध्ये आपल्याच पीएसएलव्हीचा चौथा टप्पा वर फुटला, ३०० च्या वर तुकडे. २०२३ ला ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर आलेला रॉकेटचा डबा कोणाचा होता? आपल्याच पीएसएलव्हीचा. आणि तुम्ही आभाळाच्या गप्पा मारताय, आमच्या समोरच्या सोसायटीने गच्चीवर हॅलोजन लावलाय, मला शुक्रसुद्धा धड दिसत नाही, त्याची तक्रार कुठल्या रडारकडे करू?

चीनचा_माल: देशद्रोही बोलायला लागले.

पेठेतला: तुकडे मोजले की देशद्रोह? छान.

दुर्बीणवाला: अहो मूळ मुद्दा! कडं कुठे पडेल हे सोडा. आपला उपग्रह बाजूला सरकवायचा की नाही हे ठरवायला स्वतःचं मोजमाप लागतं. उगाच सरकवला तर इंधन जातं, म्हणजे आयुष्य जातं. श्रीहरिकोट्याला एक रडार आहे, ते पुरत नाही.

झाडीपट्टी_एक्सप्रेस: बरं बाप्पा, उपग्रहासाठी घ्या. सासऱ्यासाठी नाही, एवढं कबूल करा.

दुर्बीणवाला: केलं.

पेठेतला: आणि हॅलोजनचं काय?