मिस्टर सेवेत आहेत, उपास वाढतच चाललाय आणि घरात शांती नाही, काय करावं?

खानापूरची_सून

सगळ्यांना सलाम. खूप दिवस लिहू की नको चाललं होतं. आम्ही खानापूर तालुक्यात राहतो, गावाचं नाव लिहीत नाही, छोटं आहे, लगेच कळेल. मिस्टर पूर्णवेळ ख्रिस्ती सेवेत आहेत, म्हणजे पाळक आहेत, जांबोटी कणकुंबी बाजूच्या वाड्यावस्त्या त्यांच्याकडं आहेत. मंडळी म्हणजे मोजकी घरं. रविवारी आमच्याच पडवीत उपासना होते, मराठीत, आणि एक कानडी कुटुंब येतं म्हणून एखादं गीत कानडीत. पावसाळ्यात तर लोक येतच नाहीत, त्या बाजूचा पाऊस माहीत असेल तुम्हाला, गाडी चिखलात रुतते, लाईट जाते ती दोन दिवस येत नाही, आणि रोपलावणीला सगळे शेतात असतात.

त्रास सेवेचा नाही हो, तो गृहीत धरूनच लग्न केलंय. पगार म्हणजे जो सपोर्ट येतो तो कधी वेळेवर कधी नाही, दुकानदाराकडं उधारी असते. घरमालक चांगला माणूस पण गावात कुणी काहीतरी बोललं म्हणून खोली खाली करा म्हणालाय. आणि मिस्टरांच्या बरोबर ट्रेनिंग झालेला एकजण दुसऱ्या तालुक्यात आहे, तो दर आठवड्याला ग्रुपवर फोटो टाकतो, मांडव भरलेला, लोक हात वर करून उभे. ते फोटो आले की ह्यांचं तोंड उतरतं.

आता ह्यांच्या डोक्यात बसलंय की माझ्यातच काहीतरी अपवित्र आहे म्हणून फळ दिसत नाही. आधी फक्त शुक्रवारी उपास होता. मग बुधवार धरला, आता शनिवारी पण रात्री एकदाच जेवतात. पहाटे तीनला उठतात, चटईवर झोपतात, मी गादी घातली तर काढून ठेवतात. दिवसा कामाला जातात, संध्याकाळी येतात ते कुणाशी बोलतच नाहीत. परवा पोरानं पाढे चुकवले तर एवढं ओरडले की शेजारची म्हातारी दारात आली, नंतर आत जाऊन रडले, आणि रागावलो म्हणून प्रायश्चित्त करायला दुसऱ्या दिवशी परत उपास! म्हणजे उपासानं राग आणि रागानं उपास, कुठं थांबणार हे?

मी काही बोलले तर म्हणतात तू बायबलमधल्या मार्थासारखी आहेस, भांड्याकुंड्यातच तुझा जीव. म्हणून मला खरंच विचारायचं आहे, पवित्रतेचा प्रयत्न असाच असतो काय? मी थांबवलं तर मी देवाच्या आणि त्यांच्या मधे येते काय? वरच्या लोकांना सांगायची भीती वाटते, सेवक कमजोर आहे असं लिहून ठेवतील.

विश्वासवीर_निपाणी

ताई प्रेज द लॉर्ड. सेवकाला पाडायला सैतान बरेचदा बायकोच्याच तोंडून बोलतो, ईयोबाची बायको आठवा, संकटात ती त्याला देवाला शाप दे आणि मर म्हणाली. यहोशवा ७ वाचा, आखानानं तंबूत लपवलं म्हणून सगळं इस्राएल हरलं. फळ नाही म्हणजे कुठंतरी काहीतरी लपलेलं आहे. अडवू नका, उलट तुम्हीपण त्यांच्याबरोबर उपास धरा, ब्रेकथ्रू नक्की येतो.

कॅम्पातली_नर्स

निपाणीकर दादा जरा थांबा. ताई मला आधी एक सांगा, त्यांना शुगर, बीपी, कसली गोळी चालू आहे काय? आणि हे ओरडणं उपासाच्या दिवशीच होतं की रोज? घाम, हात थरथरणं, डोकं दुखणं असं काही?

खानापूरची_सून

हो शुगर आहे, मागच्या वर्षी निघाली, लिहायला सुचलंच नाही. सकाळी गोळी घेतात, उपासाला पण घेतात कारण डॉक्टरनी चुकवू नका म्हटलंय. हात थरथरतात, मला वाटलं अशक्तपणा. आणि ओरडणं आता तुम्ही विचारल्यावर आठवतेय तर बहुतेक उपासाच्या संध्याकाळीच.

कॅम्पातली_नर्स

मला तेच वाटलं. बघा, मी डॉक्टर नाही आणि गोळी कुठली ते न बघता पक्कं बोलणार नाही, पण शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की पोटात काही गेलं नाही तरी त्या शुगर खाली ओढत राहतात. शुगर ७० च्या खाली गेली की माणूस थरथरतो, घामेजतो, नीट विचार करता येत नाही आणि चिडतो, अगदी देवमाणूस असला तरी. वॉर्डात रोज बघते, शांत आजोबा एकदम शिव्या देतात आणि साखरपाणी पोटात गेलं की पंधरा मिनिटांत सॉरी सिस्टर म्हणतात. म्हणजे तुमचे मिस्टर ज्याला पाप समजून रडतात त्यातलं थोडंफार निव्वळ उपाशी पोटी घेतलेली गोळी असू शकते.

परत असं झालं तर शक्य असेल तर मशीनवर शुगर बघा, मशीन नसेल तर वाट बघू नका, तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा, मग भाकरी भात काहीतरी द्या. गिळता येत नसेल किंवा शुद्ध जात असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ गाडी करून दवाखाना गाठा. आणि ह्याच आठवड्यात डॉक्टरकडं दोघं मिळून जा, उपास करतात हे स्पष्ट सांगा. लोक ते लपवतात आणि डॉक्टर डोस वाढवतात, हे फार होतं. गोळी आपल्या मनानं बंद मात्र करू नका.

निवृत्त_पाळक_बेळगाव

सलाम बेटी. तुझं सगळं दोनदा वाचलं. मी मेथडिस्ट मंडळीत पाळक होतो, आता बसून असतो त्यामुळं लांबण लागेल, चालवून घे.

पहिलं निपाणीच्या भावाला. आखानाचा अध्याय खरा आहे पण तो प्रत्येक बंद दाराला लावायची किल्ली नव्हे. योहान ९ मध्ये शिष्यांनी आंधळ्याकडं बघून हाच प्रश्न विचारला, पाप कुणाचं, ह्याचं की आईबापाचं, आणि प्रभूनं दोन्ही नाही म्हटलं. ईयोबाची बायको सगळ्यांना पाठ असते, पण तुझं पापच असणार म्हणून त्याच्या मागं लागलेल्या ईयोबाच्या मित्रांना शेवटी देवानं काय सुनावलं ते कुणी सांगत नाही. घरमालकाचंच घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये इथंच आपल्या बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये धर्मांतरबंदीचं विधेयक विधानसभेत पास झालं, पुढं २०२२ मध्ये कायदा झाला, तेव्हापासून खेड्यातला साधा माणूस पण घाबरतो की उद्या मलाच ठाण्यात बोलावलं तर. त्यात तुझ्या नवऱ्याच्या पवित्रतेचा काय संबंध? तिथं उपास नको, मालकाबरोबर बसून चहा प्यायला हवा, भाड्याचा कागद नीट करायला हवा, आणि कुणाला फी भरतो, औषध देतो असं उपासनेला जोडून चुकूनही बोलायचं नाही. मदत करायची तर जो येत नाही त्यालाही तेवढीच.

आता मुख्य गोष्ट. आमच्या मेथडिस्टांचा मूळ पुरुष जॉन वेस्ली, पवित्रता पवित्रता म्हणून ज्यानं जन्म घालवला, तो ऑक्सफर्डात असताना मित्रांना घेऊन बुधवार आणि शुक्रवार उपास धरायचा. बघ, वारसुद्धा तेच! १७३५ मध्ये तो मिशनरी म्हणून जहाजानं अमेरिकेत जॉर्जियाला निघाला. वाटेत वादळ झालं तर हा मरणाला घाबरला, आणि त्याच जहाजावर जर्मनीची मोराव्हियन पंथाची कुटुंबं बायकापोरांसकट शांतपणे गीत गात बसलेली. तिथं पोचल्यावर नियम असे कडक लावले की मंडळी वैतागली, एका मुलीवर जीव होता, तिनं दुसऱ्याशी लग्न केल्यावर ह्यानं तिला प्रभूभोजन नाकारलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि १७३७ च्या डिसेंबरात त्याला तिथून निघावं लागलं. म्हणजे एवढा उपासतापास करणारा माणूस सेवेत सपशेल आपटला. पुढं २४ मे १७३८ ला लंडनमध्ये एका साध्या सभेत त्याला आतून खात्री मिळाली की माझं तारण माझ्या कष्टावर नाही, ख्रिस्तावर आहे. उपास त्यानं नंतरही सोडला नाही, पण देवाचं मन वळवायला म्हणून केला नाही. हा फरक तुझ्या नवऱ्याला सांग, किंवा माझ्याकडं पाठव, मी सांगतो.

फळाचं म्हणशील तर मिशनरी विल्यम कॅरी १७९३ ला बंगालात आला आणि पहिला बाप्तिस्मा १८०० च्या डिसेंबरात. सात वर्षं! आपलं मराठी शास्त्र म्हणजे बायबल छापायला सुरुवात ज्यानं केली तो हाच. पण कॅरीच्या गोष्टीत एक पान आमच्या संडेस्कूलमध्ये वगळलं जायचं. त्याची बायको डोरोथी यायलाच तयार नव्हती, कशीबशी आली, दुसऱ्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा गेला, तिच्या मनाचा तोल गेला तो परत आला नाही, आणि १८०७ ला ती गेली. कॅरी मोठा माणूस, मला आदर आहे, पण मिशनरी घरात बायको गप्प बसली की सगळे त्याला समर्पण म्हणतात. तू गप्प बसली नाहीस हे फार बरं केलंस.

आपल्या बेळगावात लंडन मिशनचे लोक १८२० ला आले, १९०४ ला काम मेथडिस्टांकडं दिलं, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षं राबून दुसऱ्याच्या हातात. त्यांना व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता म्हणून वाचले म्हणायचं. मी सुपरिंटेंडेंट असताना रिपोर्ट बघायचो की, कुठल्या फोटोतला मांडव कुणाचा असतो ते मला विचारू नका. त्याला तो ग्रुप म्यूट करायला सांग.

आणि पवित्र व्हा असं जिथं सांगितलंय तो लेवीय १९ दोघांनी मिळून एका बसणीत वाचा. त्यात उपासाचं नावही नाही. आईबापाचा मान ठेव, शेताच्या कडेचं पीक गरिबाला ठेव, मजुराची मजुरी रात्रभर अडकवू नको, बहिऱ्याला शिव्या देऊ नको, चुगली करू नको, वजनमाप खरं ठेव. आता ह्यात मजुरीचं जे आहे ते सपोर्ट उशिरा पाठवणाऱ्यांना लागू होतं, तेवढं मात्र त्यांना कुणी प्रचार करत नाही.

टिळकवाडीची_टीचर

मी कॅथलिक आहे, मधे बोलले तर चालेल ना? आमच्याकडं पण हा आजार जुनाच आहे. इग्नेशियस लोयोला, ज्यांच्या जेज्विट संघाचे फादर इथं सेंट पॉल्स शाळा चालवतात, ते १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावात असताना असेच वेड्यासारखे उपास करायचे, केस नखं वाढवलेली, आणि कबूल केलेलीच पापं परत परत कबूल करायची, समाधानच नाही. एकदा तर आठवडाभर काही खाल्लं नाही, शेवटी त्यांचा कुमसार म्हणजे पापकबुली ऐकणाऱ्या फादरनी उपास सोडायला लावला. पोट कायमचं बिघडलं. नंतर स्वतः संघाचे प्रमुख झाल्यावर तरुणांना अतिरेकी तपश्चर्या करू देत नव्हते. आणि त्यांची एक शिकवण मला फार कामाला आली, मन कोरडं पडलेलं असताना आधी केलेला चांगला निश्चय बदलायचा नाही. म्हणजे सेवा सोडायची की नाही हे आत्ता ठरवू नका, पण चटईवर झोपायचं हेसुद्धा ह्या कोरडेपणातच ठरलं असेल तर तेही चाललं पाहिजे असं नाही.

मुख्य म्हणजे असं कुणाच्याही देखरेखीशिवाय एकट्यानं करू नये. त्यांना ऐकणारं कोण आहे? आमच्यात निदान फादरला सांगावं लागतं, तुमच्यात पाळकाला कोण असतो?

विश्वासवीर_निपाणी

शुगरचं मला माहीत नव्हतं. ते असेल तर उपास नको, एलीया संदेष्ट्याला पण देवदूतानं आधी भाकरच दिली, उपदेश नंतर. पण पाळक काका, प्रार्थनेनं बंधनं तुटतात हे मी स्वतः बघितलंय, त्यावर मी ठाम आहे.

निवृत्त_पाळक_बेळगाव

ठाम राहा की भावा, मी कुठं प्रार्थना सोडा म्हटलं. एलीयाचं मात्र लाख बोललास. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाल्यावर तो झाडाखाली मरण मागत पडला होता, आणि देवानं त्याला दोनदा झोपू दिलं, दोनदा खायला घातलं. पौलानं तीमथ्याला सुद्धा पोटासाठी काय घे ते लिहून कळवलंय. टीचर बाईंचा प्रश्न मात्र आम्हाला लागला, पाळकाला कोणी नसतो हे खरं आहे.

खानापूरची_सून

सगळ्यांची आभारी आहे. काल संध्याकाळी हात थरथरायला लागले तेव्हा साखरपाणी दिलं, नको नको म्हणत प्यायले, थोड्या वेळानं पोराला जवळ घेऊन पाढे घेतले. मग मी हे सगळं वाचून दाखवलं. आधी चिडले, घरातलं चव्हाट्यावर मांडलंस म्हणून, ते अजून पूर्ण गेलं नाही, आज सकाळपासून मोजकंच बोलतायत. पण वेस्लीचं दोनदा वाचायला लावलं, आणि त्या मुलीला प्रभूभोजन नाकारलं तिथं म्हणाले, अरेरे. डॉक्टरकडं गुरुवारी यायचं ठरलंय बेळगावला. शनिवारचा उपास सोडतो म्हणालेत, शुक्रवारचं बघू म्हणाले, चटईवर अजून आहेतच.

पाळक काका, गुरुवारी दवाखाना झाल्यावर तुमच्याकडं आणलं तर चालेल काय? मी आणलं असं वाटायला नको, तुम्हीच बोलावलं असं काहीतरी करा.

निवृत्त_पाळक_बेळगाव

चालेल की. नंबर इथं टाकू नको, मला वेगळा मेसेज कर, मीच त्याला फोन करतो, म्हणतो माझे जुने रिपोर्ट आवरायला एक तरुण सेवक हवाय. खोटं नाही, खरंच दोन ट्रंका भरून आहेत. जेवायलाच या, मात्र गोळीची वेळ काय ते आधी कळव, त्याप्रमाणं ताट वाढायला सांगतो.

कॅम्पातली_नर्स

गोळीचं पाकीट सोबत घेऊन या ताई, नाव आठवत नाही म्हणू नका. आणि रिकाम्या पोटी तपासणीला रक्त द्यायचं असेल तर खानापूरहून लवकरची बस धरा, रक्त दिल्याशिवाय गोळी घेऊ देऊ नका, डबा बांधून आणा आणि रक्त दिल्या दिल्या खायला घाला.