साठीनंतर अत्तर किती आणि कुठलं?

सुमेधा: सासूबाई ६८ वर्षांच्या. मोगऱ्याचं अत्तर तासभरही टिकत नाही म्हणून पुन्हा लावतात. लिफ्टमध्ये मात्र घमघमाट. काय सांगू?

अत्तरदाणी: वयानुसार वास कमी येतो, शिवाय नाक त्याच वासाला काही मिनिटांत सरावतं. म्हणून वास उडालाय का, ते दुसऱ्याला विचारायचं. तेली अत्तर काडीच्या टोकावर येईल तेवढंच, कानामागे. कोरड्या त्वचेवरून वास लवकर उडतो. आधी व्हॅसलिनचा हलका हात द्या.

केवडा: स्प्रे असेल तर वीतभर अंतरावरून दोन फवारे, बास! रेशमी साडीवर नको, डाग जाता जात नाही.

अत्तरदाणी: मोगरा बंद खोलीत डोक्यात जातो. दिवसा खस किंवा चंदन बरं. बर्गमॉट या लिंबासारख्या फळाचं अस्सल तेल लावून मात्र उन्हात जाऊ नये, काळे चट्टे पडतात.

रानजाई: दवाखान्यात किंवा दमेकऱ्याकडे जाताना काहीच नको. नवीन घेताना कागदाच्या पट्टीवर हुंगून ठरवू नका. मनगटावर लावा, न घासता, आणि दोन तास थांबा. पहिल्या १५ मिनिटांतला वास उडून जातो, उरतो तो वेगळाच असतो. दुकानदार घाई करतात, करू देत.